लाल पट्ट्याखालचे एकोणीस सेकंद

आमच्या मैदानावरच्या वहीत विमान सुटण्याच्या वेळेसाठी दोन रकाने होते. पहिला ‘चाकं सुटली’ आणि दुसरा ‘पट्टा ओलांडला’. दुसऱ्या कुठल्या विमानतळावर असे दोन रकाने असतील असं मला वाटत नाही. ते माझ्या वडिलांच्या डोक्यातून निघाले होते. बाबा त्या मैदानाचे व्यवस्थापक होते. म्हणजे गवत कापून घेण्यापासून ते वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी फाटली तर ती शिवून घेण्यापर्यंत सगळं त्यांच्याकडे. शिवायचं मात्र माझ्याकडे.

मैदान एका फ्लाइंग क्लबचं. दोन लहान विमानं, पत्र्याची शेड, एक मिस्त्री, गवताची धावपट्टी आणि चार लोखंडी पायांवर उभी असलेली काचेची खोली. त्या खोलीत मी रेडिओपाशी बसायचे. बसले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि मैदान बंद होऊन खाली उतरले तेव्हा एकावन्न. आता अठ्ठ्याहत्तर चालू आहे. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांत एकटी राहते. भाची रविवारी येते, डब्यांची झाकणं उघडून बघते आणि “मावशी, तू जेवतेस की नुसती बघतेस?” म्हणून ओरडून जाते. बाकीचे सहा दिवस कुणी ओरडत नाही.

त्या दोन रकान्यांविषयी सांगते, कारण पुढचं सगळं त्यांच्यामुळेच घडलं.

धावपट्टीच्या कडेला, पंखाला लागणार नाहीत अशा बेतानं, बाबांनी दोन पांढरे खांब रोवले होते. एक मधोमध, एक पार टोकाला. दोन्हींवर वर एक लाल पट्टा रंगवलेला. तो जमिनीपासून आमच्या विमानाच्या निम्म्या पंखपसाऱ्याएवढा उंच. माझी खोलीही त्यांनी मुद्दाम इतकीच उंच बांधून घेतली होती की खुर्चीवर बसल्यावर माझी नजर आणि तो पट्टा एका रेषेत यावेत. सुटलेलं विमान रेषेच्या वर गेलं की दुसरी वेळ लिहायची.

“चाकं सुटली म्हणजे विमान उडालंच ना, बाबा? मग परत वेळ कशाला?” मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

त्यांनी टेबलावरचं पोस्टकार्ड उचललं, सपाट धरलं आणि टेबलालगत सोडून दिलं. ते धपकन पडलं नाही. शेवटच्या बोटभर अंतरावर अलगद सरकत टेबलाच्या कडेपर्यंत गेलं.

“बघितलंस? जमिनीजवळची हवा अशी सांभाळून घेते. आता विमानाचं बघ. पंखाखालची हवा टोकाशी वळसा घालून वर जाते. तो वळसा विमानाला मागं ओढत असतो. जमीन जवळ असली की वळशाला फिरायला जागाच मिळत नाही. ओढ कमी होते आणि विमान पुरेसा वेग नसतानाही उचललं जातं. त्याला वाटतं, जमलं आपल्याला.”

“म्हणजे ते उडणं खोटं?”

“खोटं नाही गं. पण जमिनीच्या भरवशावरचं. पट्ट्याच्या वर गेलं की ती ओढ पुन्हा लागते. वेग कमावलेला असेल तर पुढं जाईल, नसेल तर खाली येईल. म्हणून दोन रकाने.”

आणि या दोन वेळांच्या मधे रेडिओवर एक शब्दही बोलायचा नाही, हा त्यांचा नियम. त्या पाच-सहा सेकंदांत वैमानिकाचे कान त्याच्या हातांकडे असतात, म्हणायचे. त्याला हाक मारायची नाही. आग लागली तरी नाही. रेडिओवर जे बोललं जाईल ते मात्र शब्द न् शब्द वहीत उतरवायचं. दिवस संपला की शेवटच्या ओळीखाली बाबा सही करायचे. सहीच्या खाली कुणी काही लिहिलं तर ते धरायचं नाही.

क्लबात एक तरुण वैमानिक होता. शिकवायचा, पाहुण्यांना फिरवून आणायचा. बाबा त्याला उडाणटप्पू म्हणायचे आणि तेच नाव पडलं. हात चांगला होता, पण उतरताना घाई. वेगानं यायचा. मग विमान खाली बसायलाच मागायचं नाही. पोस्टकार्डासारखं जमिनीवर हातभर तरंगत अर्धी धावपट्टी खाऊन टाकायचं. त्यानं जबरदस्तीनं टेकवलं की उसळी मारायचं. बाबा खाली उभे राहून ओरडायचे, “अरे, बसव नको, बसू दे त्याला!” आणि तो उतरून आला की, “तुझ्या उडाणात खोट नाही बाबा, टप्पेच तेवढे जास्त.”

तो मला टॉवरबाई म्हणायचा. चार पायांच्या खोलीला टॉवर म्हणणं ही थट्टाच होती, पण मला आवडायची. दुपारी काम नसलं की शिडी चढून वर यायचा आणि माझ्या डब्यातलं निम्मं खायचा. आमचं काही ठरलं होतं असं म्हणता येणार नाही. इतकंच की एका मोठ्या विमान कंपनीत त्यानं अर्ज केला होता, परीक्षा दिली होती, आणि एकदा शिडी उतरता उतरता म्हणाला होता, “पत्र आलं की तुझ्या बाबांशी बोलतो.”

“काय बोलणार?”

“गवत वाढलंय म्हणून सांगणार. दुसरं काय!”

मी हसले आणि त्या दिवसापासून पत्राची वाट बघू लागले. त्याच्यापेक्षा जास्त मीच.

पत्र आलं ते ऐन उन्हाळ्यात. नोकरी देऊ, पण आधी आमचा तपासनीस येऊन क्लबातली तुमची कागदपत्रं आणि मैदानाची वही बघेल, असं त्यात होतं. तपासनीस पुढच्या सोमवारी येणार होता. हे घडलं त्याच्या आधीच्या गुरुवारी.

बाबा त्या दिवशी डोळे तपासून घ्यायला गेले होते. भर दुपार. वाऱ्याची पिशवी खांबाला चिकटून पडलेली. गवत कापायचं यंत्र आठवडाभर बंद, त्यामुळे गवत घोट्याच्या वर. उन्हानं हवा पातळ झाली की इंजिनालाही दम लागतो, हे मला एव्हाना पाठ होतं. क्लबच्या अध्यक्षांचे दोन पाहुणे निघाले होते, दोघेही चांगले आडवे. सोबत दोन पेट्या. मिस्त्रीकाकांनी पेट्या चढवल्या आणि वर माझ्याकडे बघून हातानं पोट फुगल्याची खूण केली.

मी रेडिओवर विचारलं, “वजन?”

“बरोबर आहे.”

“नक्की?”

“बरोबर आहे हो, टॉवरबाई. पाहुण्यांना लाजवू नका.”

मी लिहिलं: वजन विचारले. बरोबर आहे. पुन्हा विचारले. बरोबर आहे.

विमान निघालं. गवतातून जड पावलांनी, फार वेळ धावत राहिलं. चाकं सुटली. मी घड्याळाची कळ दाबली. इथवर त्यानं काही चुकवलं नव्हतं. लांब गवतातून चाकं लवकर सोडवून घ्यावी लागतात, गवत धरून ठेवतं. पण सुटल्यावर जमिनीलगतच सपाट राहून वेग कमवायचा असतो. तो राहिला नाही. अध्यक्ष शेडच्या दाराशी उभे होते. त्यांच्यासमोर त्यानं विमानाचं नाक वर केलं.

विमान वर आलं, जवळजवळ माझ्या नजरेपर्यंत. लाल पट्टा वीतभर राहिला असेल. आणि तिथंच अडकलं. पुढं जात होतं पण वर जात नव्हतं. मग शेपूट खाली आणि नाक वर अशा अवस्थेतच ते सावकाश खचायला लागलं. पंख एकदा डावीकडे कलले, एकदा उजवीकडे. टोकाच्या खांबापलीकडे रानगवत होतं, त्यापुढं काटेरी कुंपण आणि कुंपणावरून गेलेल्या टेलिफोनच्या तारा.

त्याला तारा दिसत असणार, म्हणून तो नाक आणखी वर ओढत असणार. कुणीही ओढेल. खाली पडत असताना नाक खाली करायला मन धजत नाही. पण वाचण्याचा रस्ता तोच होता. पुन्हा जमिनीलगत जायचं, तिथल्या हवेवर टेकायचं, वेग घ्यायचा आणि मग वर निघायचं. दहा सेकंद झाले होते.

मी बटण दाबलं आणि म्हणाले, “नाक खाली. खालीच राहा.”

सहा-सात सेकंदांनी विमान रानगवताचे शेंडे झोडपत कुंपणाशी पोचलं होतं. मग ते सरळ, नीट, वेगात वर उठलं आणि तारांवरून निघून गेलं. पट्टा ओलांडला, तेव्हा माझं घड्याळ एकोणीस सेकंद दाखवत होतं. मी ते लिहिलं. माझे शब्दही लिहिले. अक्षर वेडंवाकडं आलं, एवढंच.

शेडमधे एक मोठा कर्णा होता. रेडिओवरचं बोलणं तिथं सगळ्यांना ऐकू जायचं. मिस्त्रीकाका, अध्यक्ष, शिकायला आलेले चार-पाच जण, सगळ्यांनी माझा आवाज ऐकला आणि त्यानंतर विमान वाचलेलं बघितलं. दोन तासांनी तो पाहुण्यांना सोडून परत आला तोवर मिस्त्रीकाकांनी गोष्ट तयार करून ठेवली होती.

“या, या! बाईसाहेबांनी ‘खाली बस’ म्हटलं नि आमचा वाघ बसला! लग्नानंतर असंच चालणार ना रे?”

सगळे हसले. काकांच्या मनात वाईट काही नव्हतं, त्यांचा जीवच घशाशी आला होता म्हणून ते इतकं बोलत होते. मीही वरून ऐकलं आणि मलाही हसू आलं. तो हसला नाही.

शिडी चढून वर आला. बसला नाही.

“काय लिहिलंस?”

मी वही फिरवून दाखवली. त्यानं वाचली.

“तुझी ओळ गाळ.”

“कुठली?”

“माहीत आहे कुठली. सोमवारी तो माणूस येतोय. एकोणीस सेकंद राहू दे. ऊन होतं, गवत होतं, मी सांगीन काय ते. पण खालून एका बाईनं सांगितलं तेव्हा यानं नाक खाली घेतलं, हे वाचल्यावर मला कोण विमान देईल?”

“मी बोलले ते बोलले. बोललेलं सगळं लिहायचं असतं.”

“मी आधीच खाली घेतलं होतं.”

मी वहीकडे बघत राहिले.

“ऐकतेस ना? तू बोलायच्या आधी. तुझा आवाज नंतर आला. तू नियम मोडलास, वर ते माझ्या नावावर बसलं.” त्यानं वही माझ्याकडे सरकवली. “अजून सही व्हायची आहे. पान बदल. एक ओळ, बस.”

मला आजही ती दुपार आठवते. डबा उघडा होता, त्याचा वाटा मी झाकून ठेवला होता. पान बदलणं अवघड नव्हतं. बाबांना कळलंही नसतं. पण बाबा म्हणायचे, वही आपल्यासाठी नसते, पुढं जो उडेल त्याच्यासाठी असते. पुढच्या कुणाला तरी अशाच दुपारी, अशाच गवतात, हे वाचायला मिळायला हवं.

“नाही गाळणार,” मी म्हणाले.

तो शिडी उतरून गेला.

संध्याकाळी बाबा डोळ्यांत औषध घालून आले. वही नाकाशी धरून वाचली. मला वाटलं, नियमावरून बोलतील. ते फक्त म्हणाले, “त्यानं खाली घेतलं ते तुझ्या आधी की नंतर?”

“कळलं नाही.”

“कळलं नाही म्हणजे? तू बघत होतीस ना?”

“झळा होत्या, बाबा. नीट दिसलं नाही.”

त्यांनी माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. पण डोळ्यांत औषध होतं, तेव्हा काय दिसलं असेल कुणास ठाऊक. मग त्यांनी सही केली.

सोमवारी तपासनीस आला. वही वाचली, धावपट्टीच्या टोकापर्यंत चालत गेला, झोडपलेलं गवत बघितलं. उडाणटप्पूला दोन प्रश्न विचारले, चहा घेतला आणि गेला. नोकरी त्याला मिळाली. त्या ओळीनं काही बिघडलं नाही. बिघडलं ते कर्ण्यानं आणि हसण्यानं. निघायच्या दिवशी तो बाबांच्या पाया पडला. गवत वाढलंय, एवढंसुद्धा बोलला नाही. माझ्या खोलीकडे बघून त्यानं हात वर केला, पण तो शेडमधल्या सगळ्यांनाच केल्यासारखा होता.

मग वर्षं गेली. बाबा गेले. मिस्त्रीकाका गेले. त्याचं लग्न झाल्याचं काकांकडूनच कळलं होतं. मला दोन-तीन स्थळं सांगून आली, ती मी या ना त्या कारणानं टोलवली. त्याच्यासाठी थांबले असं नाही. रोज सकाळी शिडी चढायची, वारा लिहायचा, विमानं वर सोडायची आणि खाली घ्यायची, यात दिवस भरल्यासारखा वाटायचा. मैदान बंद झालं तेव्हा वह्या कुणालाच नको होत्या. त्या मी घरी आणल्या. पलंगाखाली दोन पेट्या आहेत. भाची म्हणते, “मावशी, रद्दीत घाल की आता!” मी म्हणते, बघू.

गेल्या महिन्यात, मंगळवारी, मी मटार सोलत बसले होते. फोन वाजला. अनोळखी नंबर. अशा फोनवर हल्ली कुणी ना कुणी काहीतरी विकत असतं, पण मी उचलते. तेवढंच बोलणं होतं.

“टॉवरबाई?”

हातातली शेंग ताटात पडली.

“कोण बोलतंय?” मी विचारलं. उगीचच.

“किती जण म्हणतात तुला टॉवरबाई?”

आवाज पातळ झाला होता, मधेच धाप लागत होती. माझा नंबर मिस्त्रीकाकांच्या मुलीकडून घेतला म्हणाला. बायको गेल्याला चार वर्षं झाली. मुलाकडे असतो. गुडघे बदलले. चाळीस वर्षं विमानं चालवली, एक ओरखडा नाही.

“ऐकलं होतं,” मी म्हणाले.

“जेवलीस?”

“कधीच. तू?”

“इथं साडेबारालाच देतात.” मग तो थांबला. “एक विचारायचं होतं. हसू नकोस.”

“विचार.”

“त्या दिवशी मी आधी घेतलं होतं ना खाली?”

मी मटारांचं ताट बाजूला सरकवलं.

“मी सगळ्यांना तेच सांगत आलो. तपासनीसाला, बायकोला. शिकाऊ पोरांना शिकवताना ही गोष्ट सांगायचो आणि शेवटी म्हणायचो, मी आधीच नाक खाली घेतलं होतं. पण खरं सांगू? मला आठवत नाही गं. गवत आठवतं. तारा आठवतात. तुझा आवाज आठवतो. कुठलं आधी, कुठलं नंतर, तेवढंच आठवत नाही. हल्ली दुपारी पडलो की तेच येतं डोळ्यासमोर. तू वरून बघत होतीस. तुला माहीत असणार. खरं काय ते सांग.”

हो म्हणणं किती सोपं होतं. आधी घेतलं होतंस, म्हटलं असतं तर म्हातारा दुपारी झोपला असता. ‘हो’ हा शब्द तोंडाशी आलाही होता.

“मला माहीत नाही,” मी म्हणाले.

“असं कसं? तू बघत होतीस.”

“नव्हते. माझे डोळे मिटलेले होते.”



“मिटलेले?”

“घट्ट. बटण दाबलं, बोलले, आणि डोळे मिटले. की आधी मिटले, तेही नक्की नाही. मला तुला कुंपणावर पडलेलं बघायचं नव्हतं.”

“मग पट्टा ओलांडल्याची वेळ कशी लिहिलीस?” हे विचारताना तो एकदम तरुण वाटला.

“इंजिनाचा आवाज थांबला नाही म्हणून उघडले.”

तो हसायला लागला. हसता हसता खोकला आला. मग पाणी प्यायल्याचा आवाज आला.

“आणि बाबांना काय सांगितलंस?”

“झळा होत्या म्हणून.”

“हे वहीत नाही.”

“नाही.”

“बोललेलं, बघितलेलं सगळं लिहायचं असतं म्हणे. माझी एक ओळ गाळ म्हटलं तर नाही म्हणालीस. आणि स्वतःची गाळलीस.”

तो रागानं बोलला नाही. उलट, हे कळायला इतकी वर्षं गेली याचं त्यालाच नवल वाटत असल्यासारखा बोलला. बाविसाव्या वर्षापासून मी एकोणतीस वर्षं वही लिहिली आणि तिच्यात काही गाळलं नाही, एवढ्यावरच माझी मान ताठ होती. तेव्हाच त्याला सांगितलं असतं, डोळे मिटले होते रे माझे, तर कदाचित तो शिडीवरून परत वर आला असता. कदाचित मिस्त्रीकाकांवर हसलाही असता. पण टॉवरवर बसलेल्या बाईनं डोळे मिटायचे नसतात. त्याला जशी त्याची लाज होती, तशी मला माझी.

“म्हणजे आपल्या दोघांनाही माहीत नाही,” तो म्हणाला.

“नाही.”

“दुसरं कुणी विचारायला उरलंय का?”

“मिस्त्रीकाका असते तर त्यांनी काहीतरी छातीठोक सांगितलं असतं.”

“हो, ते सांगितलंच असतं.” मग कुणीतरी त्याला आत बोलावलं असावं. “ठेवतो. करीन पुन्हा.”

मी मटार तसेच ठेवले. पलंगाखालची पेटी ओढून काढायला मला बराच वेळ लागला, कंबर धरली. ती वही सापडली, ते पानही. ‘नाक खाली. खालीच राहा.’ वेडंवाकडं अक्षर. पुढं एकोणीस. खाली बाबांची सही, औषध घातलेल्या डोळ्यांनी केलेली, रेघेच्या वर चढलेली.

मी पेन घेतलं आणि लिहिलं: त्या वेळी नोंद करणारीचे डोळे मिटलेले होते. वैमानिकाने नाक आधी खाली घेतले की नंतर, ते तिने पाहिलेले नाही. आजची तारीख घातली.

सहीच्या वर जागा नव्हती. ओळ सहीखाली आली. सहीखालचं धरायचं नाही, हे मला ठाऊक आहे. पण खाली पुन्हा सही करायला आता कुणी नाही.

त्याचा फोन नंतर आलेला नाही. दुपारी साडेबारा झाले की मी फोन जवळ आणून ठेवते.